श्वास २०, श्वास २०, श्वास २०: रात्रपाळीतला थकवा आणि नव्या नर्सचं नीतिभान

पहाटेचे टीपीआर (तापमान, नाडी, श्वास) चार्ट चाळले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. तापमान वेगवेगळं, नाडी ७२, ८४, ९६ अशी वरखाली. श्वासाच्या रकान्यात मात्र ओळीने २०, २०, २०. तीस माणसं एका लयीत श्वास घेत नाहीत. कुणीतरी तो रकाना बसल्या जागी भरलेला असतो. भरणारी बहुधा लबाड नसते, दमलेली असते.

थकव्याने हात चुकतो, हे कॉलेजात शिकवलं जातं. त्याच्याही आधी काय होतं, ते फारसं शिकवत नाहीत. आपण करतोय त्यात बरं-वाईट असा काही प्रश्न आहे, हेच दिसेनासं होतं. 'हे खोटं आहे' असा विचार येऊन आपण तो दाबला, असं त्या रकान्याच्या वेळी घडत नाही. तो विचार येतच नाही. त्यामुळे 'वेळ आली की नीट विचार करीन' या भरवशावर रात्रपाळी काढता येत नाही. डोकं ताजं असताना, रात्री आठला, काही गोष्टी ठरवून टाकाव्या लागतात. त्या कोणत्या, ते पुढे रात्रीच्या क्रमाने दिलं आहे.

ड्युटीला निघण्याआधी: जागेपणाचे तास मोजा

ड्युटी किती तासांची, यापेक्षा तुम्ही उठून किती तास झाले हा आकडा महत्त्वाचा. ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये मोजून दाखवलं की सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी घसरते, आणि २४ तासांनी ०.१० टक्के असल्यासारखी. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सातला उठून, दिवसभर घरचं आवरून रात्री आठला रुजू झालात, तर मध्यरात्री १७ तास होतात आणि सकाळी सातला २४. म्हणजे सहाची इंजेक्शनं तुम्ही कुठल्या अवस्थेत भरता, ते बघा.

उपाय एकच, दुपारची झोप. दोन ते चारच्या दरम्यान दीड तास मिळाला तर झोपेचं एक चक्र पूर्ण होतं आणि उठल्यावर डोकं जड राहत नाही. घरात ही वेळ आधी सांगून ठेवा. 'जमलं तर पडेन' म्हणणारीची झोप मुलांची शाळा, कुकर आणि दाराची बेल यांत जाते. पहिल्या नाईटच्या दिवशी हे सर्वांत जास्त चुकतं, कारण तेव्हा शरीर अजून दिवसाच्या घड्याळावर असतं.

थकवा चढल्याची खूण जांभईत शोधू नका. केस पेपरची तीच ओळ तिसऱ्यांदा वाचणं, ट्रॉलीपासून बेडपर्यंत जाताना बेड नंबर विसरणं, या खऱ्या खुणा. आणि सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे कण्हणाऱ्या पेशंटबद्दल मनात 'नाटक करतोय' असं येणं. ते आलं की पेशंटविषयी काही ठरवू नका. आपण दमलोय, एवढंच त्यातून कळतं.

रात्री आठ: ओव्हर बेडजवळ घ्या

नर्सिंग स्टेशनवर खुर्चीत बसून घेतलेल्या ओव्हरमध्ये, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंट ताब्यात घेताना, सलाइनचा वेग, कॅथेटरची पिशवी आणि माणसाचा चेहरा सुटतो. बेडवरून फिरा आणि खिशातल्या चिठ्ठीवर दोन याद्या करा.

पहिली, आज रात्री कोण बिघडू शकतं: नवीन ऑपरेशनचे, ऑक्सिजनवरचे, ताप चढणारे, लघवी कमी झालेले, रक्त चालू असलेले. चार-पाच बेड नंबर निघतात.

दुसरी यादी क्वचितच कुणी करतं. उद्याच्या ओटी (ऑपरेशन थिएटर) लिस्टमधल्या कुणाची संमतीची सही राहिली आहे? कुणाचे हात बांधलेले आहेत आणि त्याची लेखी ऑर्डर आहे का? कुणाचं निदान नातेवाइकांना किंवा खुद्द पेशंटला अजून सांगितलेलं नाही? आणि कुणाबद्दल 'काही झालं तर फार करू नका' असं तोंडी सांगितलं गेलंय? या शेवटच्याचा निकाल आठलाच लावा. सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न) न करण्याचा निर्णय डॉक्टरने पेशंटशी किंवा घरच्यांशी बोलून, केस पेपरवर लिहून, सही-तारखेसह द्यायचा असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये त्याचा नमुनाही आहे. लेखी नसेल तर ड्युटीवरच्या डॉक्टरांना तेव्हाच विचारा. लेखी काही नाही आणि हृदय थांबलं, तर सीपीआर सुरू करायचा. हा प्रश्न साडेचारला, छातीवर हात ठेवल्यावर पडता कामा नये.

रात्रीची आखणी

शरीराची सर्वांत मंद वेळ साधारण तीन ते पाच. गणित लागणारी कामं दोनच्या आत उरका: सकाळच्या ड्रिपचे दर काढणं, ऑपरेशनपूर्व तयारी, इन्डेंट (सामानाची मागणी), औषधांची यादी ताडून बघणं. ५०० मिली आठ तासांत द्यायचं असेल तर २० थेंबांच्या सेटने मिनिटाला २१ थेंब पडतात. हा हिशेब अकराला अर्ध्या मिनिटात होतो. चारला तोच चुकतो, आणि चुकल्याचं कळतही नाही.

जेवण बाराच्या आसपास, हलकं. शेवटचा चहा फार तर अडीचला. कॅफिन निम्मं व्हायलाच पाच तासांच्या आसपास लागतात, त्यामुळे पाचचा कडक चहा सकाळची झोप खातो.

वीस मिनिटांची डुलकी खूप फरक पाडते, पण ती चोरून घ्यायची नाही. काही रुग्णालयांत विश्रांतीची वेळ ठरलेली असते, काही ठिकाणी ड्युटीवर डोळा लागणं शिस्तभंग धरतात. इन्चार्ज सिस्टरना पहिल्याच आठवड्यात सरळ विचारा. परवानगी असेल तर आपले बेड सोबतच्या नर्सला नाव घेऊन सोपवा, गजर लावा, आणि उठल्यावर पंधरा मिनिटं औषध भरू नका. झोपेची गुंगी तेवढी राहते.

हात थांबवायच्या जागा

सगळ्याच औषधांना दुहेरी तपासणी लावली तर ती कशालाच होत नाही. चार-पाच जागा नक्की करा आणि तिथे कितीही घाई असो, थांबा.

इन्सुलिन. आपल्याकडे ४० युनिट प्रति मिलीच्या वायल आणि १०० युनिट प्रति मिलीची इन्सुलिनं दोन्ही चालतात. सिरिंजही दोन, ४० ची लाल टोपीची आणि १०० ची केशरी. ४० च्या सिरिंजमध्ये १०० चं इन्सुलिन २० च्या खुणेपर्यंत भरलं तर २० ऐवजी ५० युनिट जातात. उलट केलं तर २० ऐवजी आठच. वायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून मोठ्याने वाचा.

पोटॅशियम क्लोराइड. १० मिलीच्या ॲम्प्युलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक). थेट शिरेत कधीच नाही; पातळ करून, बाटली नीट हलवून, हळू. हाताच्या शिरेतून साधारणपणे तासाला १० च्या वर नाही. ही ॲम्प्युल डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी ठेवलेली दिसली तर तिथून हलवा. रात्रभरातलं तुमचं सर्वांत मोलाचं काम कदाचित तेच ठरेल.

हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध. पाच मिलीची वायल ५,००० युनिटचीही असते आणि २५,००० ची पण. दिसायला बहिणी-बहिणी.

रक्त. पिशवी आणि पेशंट यांची गाठ बेडजवळच, दोघींनी मिळून, पेशंटला त्याचं नाव विचारून. 'तुम्हीच पाटील ना?' असं विचारलं तर अर्धगुंगीतला माणूस 'हो' म्हणतो. 'पूर्ण नाव सांगा' म्हणा. ब्लड बँकेतून आल्यापासून अर्ध्या तासात सुरू, चार तासांत संपवायचं, आणि पहिली पंधरा मिनिटं तिथेच.

फेंटानिलसारखी अफूच्या जातीची वेदनाशामकं. दोन मिलीच्या ॲम्प्युलमध्ये १०० मायक्रोग्रॅम. ऑर्डर ५० ची असेल तर उरलेलं एक मिली साक्षीदारासमोर टाकायचं. 'सिस्टर, इथे जरा सही करा, मी मघाशी टाकलं' असं कुणी म्हटलं तर उत्तर आधीच पाठ असू द्या: "मी पाहिलं नाही, त्यामुळे सही नाही करत. पुढच्या वेळी हाक मारा." मैत्रीण असली तरी हेच.

दुहेरी तपासणीत एक फसगत असते. 'हे बघ, चार मिली बरोबर ना?' असं विचारलं की दुसरी मान डोलावते. तिला आपलं उत्तर सांगू नका. ऑर्डर आणि वायल द्या, तिला स्वतः काढू द्या, मग जुळवा.

श्वासाचा रकाना

आता मूळ गोष्ट. श्वास नीट मोजायला पूर्ण मिनिट लागतं. तीस बेड म्हणजे अर्धा तास नुसता श्वासाला, आणि वॉर्डात तुम्ही दोघी. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिक्षण रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स आणि इतर रुग्णालयांत पाचामागे एक. प्रत्यक्षात काय असतं ते रुजू होताच कळतं. तेव्हा हा रकाना खोटा भरला जाण्यात एकट्या नर्सचा दोष नाही, हे आधी मान्य करू. तरीही तो खोटा भरायचा नाही, कारण पेशंट बिघडण्याची सर्वांत पहिली खूण बऱ्याचदा श्वासाची गती असते. रक्तदाब पडायच्या आधी श्वास २० वरून २८ वर जातो. चार्टवर २० लिहिलेलं असेल तर सकाळच्या राउंडला कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

मग करायचं काय? पहिल्या यादीतल्या चार-पाच जणांचा श्वास पूर्ण मिनिट मोजा, नाडीवर हात ठेवून, त्यांना न सांगता. बाकीच्यांचा जमेल तसा. ज्यांचा मोजला नाही त्यांचा रकाना रिकामा ठेवा आणि रिपोर्ट बुकात कारण लिहा: 'बेड ९ ला इमर्जन्सी चालू असल्याने बेड १८ ते २६ चे श्वास मोजले नाहीत.' सकाळी यावरून बोलणी बसू शकतात. पण रिकामा रकाना पुढच्या पाळीला सांगतो की इथे बघायचं राहिलंय. खोटा आकडा सांगतो की बघून झालंय.

वेळही खरी लिहा. चारचं चार वीसला घेतलं तर ४:२०. राहिलेली नोंद नंतर करताना 'उशिरा नोंद' असं लिहून लिहिण्याची वेळ घाला. चुकलं तर एक रेघ, शेजारी सही, व्हाइटनर नाही. दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या खुणा पहाटे एकदम करणं हीही याच जातीची गोष्ट. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या परिचारिकांनी नोव्हेंबर १९७३ पासून अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना एकही बेडसोअर (पडून राहिल्याने होणारी जखम) होऊ दिला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालात आहे. ते काम खुणा करून झालेलं नव्हतं.

सही, पट्टी, पडदा

पहाटे पाचला ओटीच्या फायली पूर्ण करताना संमतीपत्रावर सह्या गोळा होतात. ऑपरेशन काय, धोके काय, दुसरा पर्याय कोणता, हे समजावणं डॉक्टरचं काम. साक्षीदार म्हणून तुमची सही एवढंच सांगते की या माणसाने माझ्यासमोर सही केली. पेशंटने 'सिस्टर, ही कसली सही?' विचारलं की तिथेच थांबा आणि रेसिडेंटला (ड्युटीवरच्या शिकाऊ डॉक्टरला) बोलवा. 'तसंच असतं, करा' हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. मिडाझोलामसारखी गुंगीची औषधं दिल्यानंतर घेतलेली सही सहीच नव्हे.

रात्री भ्रमात गेलेला म्हातारा माणूस सलाइन उपटतो, उठून पळू बघतो. मामा (वॉर्डबॉय) पट्टी घेऊन तयार असतात. बांधायच्या आधी पाच गोष्टी बघा: सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण), साखर, तुंबलेलं कॅथेटर, दुखणं, आणि चष्मा किंवा कानाचं यंत्र काढून ठेवलंय का. कॅथेटरची गुठळी काढली आणि माणूस शांत झोपला, असं वॉर्डात नेहमी होतं. बांधावंच लागलं तर डॉक्टरची लेखी ऑर्डर, कारण आणि वेळ हवी. पट्टी पलंगाच्या सांगाड्याला, कठड्याला नाही. आत दोन बोटं जातील इतकी सैल. दोन तासांनी सोडून बोटांचा रंग बघायचा. मानसोपचार विभागासाठी तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात स्पष्ट आहे की कर्मचारी कमी आहेत म्हणून किंवा शिक्षा म्हणून बांधता येत नाही. इतर वॉर्डांतही हाच नियम स्वतःला लावायला हरकत नाही.

पडदा थोडक्यात: एनिमा असो की कॅथेटर, दमल्यावर तो आधी सुटतो. एचआयव्हीची नोंद बेडच्या पाटीवर किंवा फाइलच्या दर्शनी भागावर नको; २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा गोपनीयतेची जबाबदारी रुग्णालयावरही टाकतो. जखमेचा फोटो वॉर्डच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची वेळ आली तर चेहरा, नाव, नंबर काही दिसता कामा नये, आणि पेशंटला विचारलेलं असावं.

फोन करताना

समोरचा रेसिडेंटही कदाचित तुमच्याहून जास्त जागलेला असतो. त्याला गोष्ट सांगू नका, क्रमाने सांगा: "सर, मेल मेडिकलमधून सिस्टर बोलतेय. बेड १२, न्यूमोनिया, दुसरा दिवस. दोनला श्वास २२ होता, आता ३२. ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ८९. पेशंट बिघडतोय असं वाटतंय. तुम्ही येऊन बघायला हवं. येईपर्यंत काय सुरू करू?" ऑर्डर फोनवर मिळाली तर लिहून वाचून दाखवा, आकडे फोडून: "वन-फाइव्ह, पंधरा". फिफ्टीन आणि फिफ्टी झोपेत एकच ऐकू येतात.

'सकाळी बघू' असं उत्तर आलं आणि तुमचं मन मानत नसेल, तर वेळ आणि उत्तर केस पेपरवर लिहा, नाईट सुपरवायझरला कळवा आणि वरच्या डॉक्टरला फोन करा. हे आगाऊपणाचं वाटेल. फोन करायला हवा असं दिसतंय आणि 'ओरडतील' म्हणून हात मागे येतोय, हे स्वतःच्या लक्षात येणं हेच नीतिभान.

चूक झाली तर

क्रम पाठ ठेवा. औषध बंद. पेशंटजवळ थांबून तपासणी. इन्सुलिनची चूक असेल तर लगेच साखर आणि २५ टक्के डेक्स्ट्रोज हाताशी. डॉक्टरला फोन, काय आणि किती गेलं ते स्पष्ट सांगून. रिकामी वायल, सिरिंज, बाटली फेकू नका. मग केस पेपरवर फक्त घडलेलं, वेळेसह. 'गर्दीमुळे', 'सोबतच्या सिस्टरने' असली कारणं तिथे नकोत, ती इन्सिडेंट फॉर्मवर. त्या फॉर्मवर तुम्ही किती तास जाग्या होतात आणि वॉर्डात किती पेशंट होते, तेही जरूर लिहा, नाहीतर पुढच्या वेळीही वॉर्डात तुम्ही दोघीच असाल. पेशंटला काय सांगायचं ते डॉक्टरांसोबत ठरवून सांगा, पण त्याने विचारलं तर 'काही नाही झालं' म्हणू नका.

सकाळी आठ: 'आज डबल कराल का?'

अमेरिकेत २००४ मध्ये ३९३ नर्सेसच्या रोजनिश्या तपासल्या गेल्या तेव्हा साडेबारा तास किंवा त्याहून लांब पाळीत चूक होण्याची शक्यता सुमारे तिप्पट निघाली. म्हणून नुसतं 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याऐवजी अट घालून बोला: "सिस्टर, मी काल दुपारपासून जागी आहे. बदली येईपर्यंत थांबते, पण इन्सुलिन, हेपरिन आणि रक्त दुसऱ्या कुणाकडे द्या. मी ड्रेसिंग आणि ॲडमिशन बघते." आणि थांबल्याची वेळ ड्युटी बुकात लिहायला लावा. नवख्या मुलीला हे जड जातं, हे खरं. इन्चार्जला माणूस मिळालेला नसतो, तीही अडकलेली असते. म्हणूनच नकाराबरोबर काय करू शकता ते सांगितलं की बोलणं पुढे सरकतं.

कधी चूक झालेली नसते, तरी जीव घुसमटतो: काय करायला हवं ते दिसत होतं, पण माणसं नव्हती किंवा वरून होकार नव्हता. अमेरिकन तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नर्सिंगच्याच संदर्भात याला नाव दिलं, नैतिक घुसमट. ती थकव्यासारखी झोपेने जात नाही. त्याच आठवड्यात एखाद्या अनुभवी सिस्टरशी त्या एका प्रसंगावर बोला. झोप उडाली, ड्युटीवर जावंसं वाटेना, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

घरी दुचाकीवर जायचं असेल आणि डोळे मिटत असतील तर आधी रेस्ट रूममध्ये वीस मिनिटं पडा, नाहीतर बस किंवा रिक्षा. घरी पडदे लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

आणि निघायच्या आधी खिशातली ती चिठ्ठी फाडून टाका. तिच्यावर बेड नंबर आहेत, निदानं आहेत, कुणाला काय सांगितलेलं नाही तेही आहे, आणि युनिफॉर्म धुवायला घरातलं कुणीही घेतं.